साठ माणसं, तीन परीक्षक आणि सरांच्या हरकती

सर, सप्रेम नमस्कार.

एव्हलिन हूकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. समलिंगी असणं हाच आजार, हा समज हूकरने समलिंगी आणि भिन्नलिंगी पुरुषांच्या चाचण्या घेऊन खोडला, असं मी त्या लेखात लिहिलं होतं. आयुष्यभर पुण्यात संख्याशास्त्र शिकवलेल्या सरांचं म्हणणं असं, की या बाईंनी ओळखीपाळखीतून निवडून निवडून धडधाकट माणसं आणली, तीही जेमतेम ६०. शाईच्या डागांची बदनाम चाचणी वापरली. स्वतः कधी धड प्रोफेसर झाल्या नाहीत. आणि अशा ‘हौशी’ कामाची मी आरती ओवाळली. वर, ‘आपले र. धों. कर्वे सोडून अमेरिका कशाला?’ असा टोला.

आरतीचं राहू द्या. माणसं निवडून घेतली, हे खरंच आहे. उपचार घेत असलेला किंवा पोलिसांच्या कचाट्यात सापडलेला कोणी नको, अशी अटच होती, आणि समलिंगी व भिन्नलिंगी दोन्ही गटांना होती. पण ती का घातली होती? समलिंगी पुरुषांबद्दलचं तोवरचं मानसोपचारातलं ज्ञान बहुतेक तुरुंगांतून, लष्करातून आणि दवाखान्यांतून आलेलं. ससूनच्या वॉर्डांत फेरी मारून कोणी ‘पुणेकर मुळातच आजारी असतात’ असं लिहिलं, तर खडू फेकून मारणारे पहिले तुम्हीच असाल! त्या काळचे तज्ज्ञ ‘काही समलिंगी लोक आजारी असतात’ असं म्हणत नव्हते. समलिंगी असणं हाच आजार, असं म्हणत होते. असा सरसकट दावा मोडायला सगळ्या समाजातलं प्रमाण काढावं लागत नाही. आजारी नसलेली माणसं दाखवली की झालं. प्रमाण काढायचं असतं, तर तुमची हरकत जशीच्या तशी मान्य होती.

आता ओळखीपाळखीचं. १९४०च्या दशकात हूकर लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या विस्तार विभागात शिकवत होती. तिथला तिचा विद्यार्थी सॅम फ्रॉम आणि त्याचे मित्र यांच्याशी तिची घसट झाली, आणि आमच्यासारख्यांचा अभ्यास करणं हे तुझं शास्त्रज्ञ म्हणून कर्तव्य आहे, असा तगादा त्यानेच लावला. पुढे मॅटाशीन सोसायटी या समलिंगी पुरुषांच्या संघटनेतून आणखी माणसं मिळाली. हूकर तटस्थ नव्हती, अजिबात नव्हती. १९३७-३८ साली ती बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात राहिलेली. ते कुटुंब पुढे छळछावण्यांत मारलं गेलं. अशा बाईकडून कोरड्या अलिप्ततेची अपेक्षा मी तरी करणार नाही.

म्हणूनच तिने निकाल स्वतःच्या हातात ठेवला नाही. समलिंगी ३०, भिन्नलिंगी ३०. वय, बुद्ध्यांक आणि शिक्षण जुळवून लावलेल्या जोड्या. चाचण्या झाल्यावर कोणता कागद कोणाचा हे कळेल असं सगळं काढून टाकलं आणि उत्तरं तीन नामांकित परीक्षकांकडे दिली: ब्रूनो क्लॉप्फर, मॉर्टिमर मेयर आणि एडविन श्नाइडमन. माणूस मनाने कितपत ठाकठीक आहे, याचे गुण पाच पायऱ्यांवर द्यायचे होते. दोन्ही गटांतले दोन-तृतीयांश पुरुष सर्वसाधारण किंवा त्याहून वर निघाले. मग शाईच्या डागांच्या चाचणीच्या, म्हणजे रोर्शाकच्या, परीक्षकांपुढे जोड्या ठेवून विचारलं, यातला समलिंगी कोण? त्यांची उत्तरं नाणं उडवून येतील त्याहून सरस नव्हती.

इथे ६०चा मुद्दा तुम्हीच सोडवून बघा. डागांवरून दहापैकी नऊ वेळा ओळखता येतं असा दावा असेल, तर ३० जोड्यांत २७च्या आसपास उत्तरं बरोबर यायला हवीत. ती केवळ योगायोगाने पंधराच्या आसपास घसरतील, हे तुमच्या वर्गात कोणी लिहिलं असतं तर तुम्ही किती गुण दिले असते?

रोर्शाक चाचणी बदनाम आहे, हे मात्र तुमच्याइतकंच मलाही माहीत आहे. माझ्या कपाटात ती दहा कार्डं आहेत. पाच काळी-करडी, दोन काळी-लाल, तीन रंगीत. (कोणत्या कार्डात लोकांना काय दिसतं, ते सांगणार नाही, धंद्याचा नियम.) पण ही चाचणी हूकरच्या विरोधकांची होती. समलिंगी माणूस या कार्डांवरून ओळखता येतो असं त्या वेळी छातीठोकपणे सांगितलं जायचं, आणि क्लॉप्फर तर त्या विद्येतला दादा माणूस. चाचणी चांगली असेल तर तिने फरक दाखवला नाही. टाकाऊ असेल तर तिच्या जोरावर केलेली निदानंही टाकाऊ. दोन्हीकडून पंचाईत तज्ज्ञांचीच होते, हूकरची नाही.

‘हौशी’ हा शब्द मात्र मला झोंबला. कोलोरॅडोत शिकताना तिला येलला जायचं होतं. बाईमाणूस म्हणून विभागप्रमुखांनी शिफारसच दिली नाही. १९३२ साली जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टरेट मिळवली, दोन वर्षांत क्षयाने गाठलं. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मानसशास्त्र विभागात घेतलं नाही, कारण तिथे आधीच तीन बायका होत्या! म्हणून विस्तार विभाग. १९५३ साली तिने अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे अनुदान मागितलं, तेव्हा मॅकार्थीचा, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून लोकांमागे ससेमिरा लावण्याचा काळ होता आणि समलिंगी संबंध अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात गुन्हा होता. ही बाई आहे तरी कोण, हे बघायला संस्थेचा अधिकारी विमानाने आला. अनुदान मिळालं. मुलाखती तिने विद्यापीठात न घेता घरामागच्या बागेतल्या अभ्यासिकेत घेतल्या, कारण कॅम्पसवर कोणी ओळखलं असतं तर त्या माणसाची नोकरी गेली असती. गंमत म्हणजे भिन्नलिंगी पुरुष मिळवणंच जास्त जड गेलं. या विषयाच्या अभ्यासात आपलं नाव कोण घालणार?

१९६७ साली त्याच संस्थेने समलैंगिकतेवरच्या अभ्यासगटाचं अध्यक्षपद तिला दिलं. १९७३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या विकारांच्या यादीतून समलैंगिकता काढली. ती एकट्या हूकरमुळे नाही. रस्त्यावरच्या चळवळीचा रेटा मोठा होता.

अमेरिका कशाला, ते सांगते. माझ्याकडे समुपदेशनाला येणारे आईवडील अजून विचारतात, “मॅडम, काहीतरी टेस्ट असेलच ना, मुलाचं नक्की काय आहे ते कळायला?” आणि लगेच, “लग्न लावून दिलं तर?” अशी टेस्ट नाही, असं मी ठामपणे सांगू शकते त्यामागे याच बाईंचं काम आहे. भारतीय मानसोपचार संघटनेने हा आजार नाही असं २०१८ साली स्पष्ट केलं. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ‘बदलून देतो’ छाप उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. तरी प्रश्न येतोच.

कर्व्यांवर लिहीनच. वाचकांच्या लैंगिक शंकांना मासिकात उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला, बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि तरी दंड झाला. तो विषय एका परिच्छेदात उरकण्यासारखा नाही.

हूकरचा मूळ निबंध १९५७चा, ‘जर्नल ऑफ प्रोजेक्टिव्ह टेक्निक्स’च्या २१व्या खंडात आहे. तुमच्या ओळखीने विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळेल. वाचून काही खटकलं तर जरूर लिहा, आकडेमोड तुमच्याकडून तपासून घ्यायला मला आवडेल. ६०चा मुद्दा तेवढा परत नको.