सदर लिहिणाऱ्याने सत्तेच्या किती जवळ जावं?

राजकीय सदर लिहू पाहणाऱ्याने अमेरिकी सदरलेखक वॉल्टर लिपमन यांची कारकीर्द नीट अभ्यासावी, असं मला मनापासून वाटतं. त्यांचं ‘टुडे अँड टुमॉरो’ हे सदर १९३१ साली ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये सुरू झालं आणि १९६७ पर्यंत चाललं. पत्रकारितेतली दोन मानाची पुलित्झर पारितोषिकं मिळाली. एवढा मोठा माणूस नेमका कुठे चुकला, हे पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं.

जानेवारी १९३२ मध्ये त्यांनी लिहिलं की फ्रँकलिन रूझवेल्ट हा भला गृहस्थ आहे, पण राष्ट्राध्यक्षपदाची विशेष पात्रता त्याच्याकडे नाही. अंदाज साफ फसला. पण असे अंदाज फसतातच, त्यात कुणाचं वाटोळं होत नाही.

१२ फेब्रुवारी १९४२ चा लेख मात्र अक्षम्य आहे. तेव्हा अमेरिकेचं जपानशी युद्ध चालू होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या लष्करी आणि सरकारी अधिकाऱ्यांशी बोलून त्यांनी मांडलं की तिथे शत्रूच्या हस्तकांकडून घातपात अजून झालेला नाही, याचा अर्थ मोठ्या घावाची तयारी चालू आहे. म्हणजे पुरावा नाही, हाच पुरावा! आठवड्याभरात, १९ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश ९०६६ वर सही केली. जपानी वंशाच्या एक लाखाहून जास्त लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. आदेश काही एका लेखामुळे निघाला नाही, पण अधिकाऱ्यांच्या भीतीला प्रतिष्ठा मिळाली ती अशा लेखणीमुळे.

म्हणून मजकूर पाठवण्याआधी प्रत्येक दाव्यापुढे समासात लिहावं: हे कुणी सांगितलं, त्यात त्याचा फायदा काय, आणि कोणती गोष्ट घडली तर हा दावा खोटा ठरेल? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते वाक्य काढायचं. सगळे दावे एकाच बाजूकडून आले असतील तर लेख थांबवायचा, मग त्या दिवशी जागा रिकामी राहिली तरी चालेल. ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन केल्याशिवाय तर लिहूच नये.

सत्तेच्या जवळ असण्याचा आणखी एक धोका: १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या शपथविधीच्या भाषणाचा मसुदा लिपमन यांना आधी दाखवला गेला, त्यांनी दुरुस्ती सुचवली आणि नंतर सदरात भाषणाची वाखाणणीही केली. वाचकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मसुद्याला हात लावला असेल तर त्या भाषणावर लिहायचं नाही, यात तडजोड नको.

पुढे व्हिएतनाम युद्धावरून त्यांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याशी उघड वैर घेतलं. तेव्हा वय पंचाहत्तरीचं होतं आणि व्हाइट हाउसमधली ऊठबस संपली. तरीही युद्धाविरुद्धचे लेख थांबले नाहीत.