प्रेरणेचा घोळ

गेल्या महिन्यात एका आजीबाईंनी मला पाऊण तासाच्या आत ‘साहेब’ या पदावरून ‘अरे’ या पदापर्यंत खाली आणले आणि काल संध्याकाळी आमच्या मुख्य शेफनी मला त्याच्याही खालच्या पायरीवर नेऊन ठेवले. आजींबद्दल माझी काहीही तक्रार नाही, असे लिहायचे मी ठरवले होते. परंतु लिहायला बसल्यावर ध्यानात आले की थोडीशी आहे.

मी शेफ होऊ इच्छिणारा माणूस आहे, म्हणजे गेले चौदा महिने एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात कांदे सोलतो आहे. नव्या मेन्यूसाठी प्रत्येकाने एक कल्पना आणावी, असे फर्मान निघाले आणि त्यासोबत मुख्य शेफनी असाही सल्ला दिला की, कल्पना भिंतींच्या आत सापडत नसतात, गाडी काढावी, शहराबाहेर पडावे आणि निसर्गालाच विचारावे. निसर्गाला विचारण्यासाठी लागणारी सुट्टी आमची स्वतःची आणि पेट्रोलही आमचेच, हे सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही.

या खुळाचे मूळ मला ठाऊक आहे. फ्रान्समधल्या ओब्राक पठारावर मिशेल ब्रा नावाचे शेफ पळायला जात असत. फुलांनी भरलेल्या कुरणांतून पळताना त्यांना एक पदार्थ सुचला, आणि १९८० च्या सुमारास त्यांनी कित्येक भाज्या, पाने, फुले आणि बिया एकाच ताटलीत मांडून तो सिद्ध केला. त्याचे नाव ‘गार्गुयू’. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक मुख्य शेफला असे वाटते की हाताखालच्या माणसाला मोकळ्या हवेत सोडले की तो ताटली घेऊनच परत येईल. ब्रा पळत होते, ही गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. पळणाऱ्या माणसाला कुरण दिसते. गाडी चालवणाऱ्याला पुढच्या ट्रकची मागची फळी दिसते. सकाळी सहा वाजता निघून तासभर मी ती फळी पाहिली आणि तिच्यावरून मला काहीही सुचले नाही.

शेवटी साडेसातच्या सुमारास कंटाळून गाडी कडेला घेतली, खाली उतरलो आणि एका शेताच्या बांधापाशी जमिनीलगत पसरलेले काहीतरी मला दिसले. तांबूस, गुळगुळीत, रसरशीत देठ. बोटाच्या पेरापेक्षा लहान, जाडसर पाने. मध्येच मिटलेली पिवळी कळी. मी गुडघे टेकले, छायाचित्रे काढली, एक पान तोंडात टाकले. ते आंबट होते, किंचित खारट होते आणि चावताना चक्क कुरकुरत होते. आपल्याला काहीतरी सापडले आहे, या भावनेने मी डोळे मिटले.

“साहेब, माझं किती फूट जाणार?”

डोळे उघडले तेव्हा समोर एक आजी खुरपे घेऊन उभ्या होत्या. मी विचारले, “कशात?”

“रस्त्यात. मागच्या खेपेला आले होते तेबी असेच वाकून बघत होते. तुमच्यासारखीच त्यांच्याकडंबी फीत नव्हती. पण बांध गेला.”

मी मोजणीचा माणूस नाही, हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. त्यावर त्यांनी, मग पीकविम्याचे का, असे विचारले. तेही नाही म्हटल्यावर खताच्या कंपनीचे का, असे विचारले. तेही नाही म्हटल्यावर त्यांच्या आवाजातला आदर एका मापाने उतरला आणि त्या म्हणाल्या, “मग भाऊ, तुमचं काही पडलं का?”

“नाही आजी, मी शेफ होतोय.”

“शेपू इथं होत न्हाई.”

“शेपू नव्हे, शेफ. मी शेफ होतोय.”

“तेच सांगतेय की, होत न्हाई. गेल्या साली लावला होता, सगळा जळला.”

यानंतरची दोन मिनिटे शेपूची उगवण, पाण्याचा निचरा आणि बियाणे विकणाऱ्याची नियत या विषयांवर गेली. आजींचे म्हणणे मुद्देसूद होते आणि ते मध्येच तोडणे मला जमले नाही. अखेर मी हाताने फोडणी परतण्याचा अभिनय केला.

“म्हणजे आचारी!” त्या म्हणाल्या. “मग असं बोल की बाळा. किती वर्षं होतोयस?”

“चौदा महिने.”

“अजून किती राहिलं?”

हा प्रश्न मी स्वतःला रोज रात्री विचारतो. परंतु तो इतक्या निर्मळपणे मला याआधी कोणी विचारला नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो. त्यावर आजींनी अंगठ्याने खुरप्याची माती काढत विचारले, “घरी स्वयंपाक कोण करतं?”

“आई.”

आजी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा माझ्या पांढऱ्या बुटांकडे पाहिले आणि मग बराच वेळ लांब कुठेतरी पाहिले. ते पाहणे मला अजून खुपते.

“आणि गाडी घेऊन आलास ते कशापायी?” “प्रेरणेसाठी” हे उत्तर जिभेवर आले होते, पण ते त्या बांधावर उच्चारण्याचे धैर्य मला झाले नाही. वास्तविक स्वयंपाक आणि गाडी यांचे नाते चांगले जुने आहे. टायर बनवणाऱ्या मिशलँ बंधूंनी १९०० साली वाहनचालकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली तेव्हा फ्रान्समध्ये तीन हजार मोटारीही नव्हत्या. लोकांनी लांबलांब फिरावे आणि त्यांचे टायर झिजावेत, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. उपाहारगृहांना तारे देण्याची पद्धत १९२६ साली सुरू झाली आणि १९३६ साली त्यांचे निकष छापले गेले. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावे असे ठिकाण, तीन तारे म्हणजे मुद्दाम प्रवास करून जावे असे ठिकाण. ज्या ताऱ्यांसाठी आमच्या धंद्यातली माणसे झोप आणि संसार गमावून बसतात, ते मुळात टायरच्या दुकानातून उगवले आहेत. हे सारे मी आजींना सांगितले नाही. मी फक्त ते रोप दाखवले.

“ही घोळ,” त्या म्हणाल्या. “आणि तोंडात काय चघळतोयस?”

“तेच.”

“अरे, थुंक आधी!”

मी थुंकलो. चौदा महिन्यांत कोणत्याही हुकमाची इतक्या तातडीने अंमलबजावणी माझ्याकडून झालेली नाही. आजी खाली बसल्या, त्यांनी माझ्या शोधाचा एक देठ मोडला आणि माझ्या नाकासमोर धरला. मोडलेल्या टोकाशी स्वच्छ पाण्याचा थेंब आला. मग हातभर अंतरावरचे, तसेच जमिनीला चिकटून पसरलेले दुसरे एक रोप उपटून त्यांनी मोडले, तर त्यातून पांढराशुभ्र चीक निघाला. “पाणी आलं तर खायचं. चीक आला तर हात धुवायचे. आधी मोडून बघायचं, मग तोंडात घालायचं. एवढंबी शिकवत न्हाईत?”

शिकवत नाहीत. अन्नसुरक्षेचे एक प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, त्यासाठी मी परीक्षा दिली आहे आणि फ्रीजचे तापमान मला झोपेतही सांगता येते. पण रोप मोडून बघावे, असे त्या अभ्यासक्रमात कुठेही नव्हते.

वास्तविक मला त्याच वेळी निघता आले असते. परंतु थोडी भाजी नेऊ का, असे मी विचारून बसलो. आजींचा चेहरा उजळला. “लागेल तेवढी ने. पण मुळासकट. या सरीतली काढलीस तर त्या सरीतलीबी काढ, अर्धवट नको. आणि उपटून तिथंच टाकू नको, पुन्हा रुजते.” हे शब्दशः खरे आहे. घोळाचे एकेक झाड दोन लाखांहून अधिक बिया धरू शकते आणि उपटून ओल्या मातीवर टाकलेला देठ पुन्हा मुळे धरतो. लिनिअसने १७५३ साली या झाडाच्या शास्त्रीय नावात भाजीपाल्याचा उल्लेख केला, तरीही बहुतेक शेतांत त्याची गणना तणातच होते. प्रेरणा घ्यायला आलेल्या मी पुढचा अर्धा तास चार सऱ्यांची खुरपणी केली. आजी बांधावर बसून होत्या आणि मधूनमधून “अरे, ते राहिलं” असे म्हणत होत्या.

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. “सकाळी आलास ते बरं झालं. सकाळची आंबट असते, दुपारची पाणचट.” मला ती म्हातारपणाची समजूत वाटली. घरी जाऊन वाचले तर त्यात अक्षराचीही चूक नव्हती: पाण्याचा ताण पडला की घोळ रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवते आणि दिवसा ते आम्ल उन्हात वापरून टाकते, त्यामुळे तिन्हीसांजेच्या पानात पहाटेचा आंबटपणा उरत नाही.

पिशवीभर घोळ मी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात नेली. कच्च्या डहाळ्या, काकडी आणि वर दह्याचा फेस, एवढीच मांडणी केली. मुख्य शेफनी चाखली, पुन्हा चाखली आणि कांद्याची नवी गोणी कधी येणार, असे मला विचारून निघून गेले. काल नवा मेन्यू छापून आला. त्यात तिसऱ्या ओळीवर ‘पहाटेचे रान’ नावाचा पदार्थ आहे आणि खाली मुख्य शेफचे नाव आहे. संध्याकाळी ते एका टेबलापाशी उभे राहून पाहुण्यांना सांगत होते की, एकदा सहज गाडी घेऊन बाहेर पडलो असता बांधावर हे रोप दिसले आणि क्षणभर मी डोळे मिटले. डोळे मिटल्याची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. निदान तेवढी तरी त्यांनी वगळायला हवी होती. चार सऱ्या खुरपल्याचा भाग त्यांच्या कथनात नव्हता, यात काही नवल नाही.

मात्र त्यांना एक अडचण आहे. पदार्थात पहिल्यासारखी आंबट धार येत नाही, म्हणून काल रात्री त्यांनी दही बदलले, मग मीठ बदलले आणि शेवटी काकडी कापणाऱ्या मुलावर ओरडले. घोळ पुरवणारा माणूस दुपारी तोडणी करून पाच वाजता माल आणतो. मी कांदे सोलत होतो. त्यांनी मलाही विचारले, “तुला काही सुचतंय का?” मी म्हणालो, “नाही शेफ.”