नाव आणि पत

संत्र्याच्या आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचा, ताण तुटून बागेला पुन्हा पाणी सुरू झाले की आमच्या बसथांब्याजवळच्या पानठेल्यापुढे रात्री बैठक जमते. पंपाला लाईन रात्रीची असते आणि ती येईपर्यंत डोळा लागू देणे संत्रावाल्याला परवडत नाही. परवाच्या बैठकीत रोशनच्या खात्याचा विषय निघणार हे ठरलेलेच होते. त्याचे रील टाकायचे खाते हातातून गेले, हे तालुकाभर झाले आहे, त्यामुळे सविस्तर सांगत नाही. खाते ज्या मोबाइल नंबरावर उघडले होते, तो नंबर त्याने दोन वर्षांपूर्वीच सोडून दिला होता, एवढेच त्या रात्री नव्याने कळले. परत मिळवण्याचा कोड त्याच नंबरावर जात होता आणि अकरा हजार फॉलोअर पलीकडच्या काठावर राहिले होते.

रोशन मात्र खचलेला नव्हता. नागपूरचे दोन दिवसांचे शिबिर करून तो नुकताच परतला होता. बाकावर बसण्याआधीच त्याने मोबाइलची तिपाई उभी केली, गोल दिवा लावला, केसांवरून हात फिरवला आणि दर दुसऱ्या वाक्यात ‘ब्रँड’ म्हणू लागला. “आजच्या काळात माणूस हाच ब्रँड आहे. गुरुजी, तुम्हीसुद्धा ब्रँड आहात.”

“बाप्पा, या वयात मला संत्र्यावरचे स्टिकर लावू नकोस,” गुरुजी म्हणाले. त्यांचा आक्षेप जुनाच आहे. स्वतःविषयी स्वतः बोलणे शोभत नाही, माणसाचे काम बोलले पाहिजे, असे ते मानतात आणि त्यांनी तसे आयुष्यही काढले आहे.

त्यावर दिवाकरभाऊ जे बोलले, ते मला फार पटले. “गुरुजी, काम बोलते, हे खरे. पण त्याचा आवाज गावाच्या शिवेपर्यंतच जातो. काटोलच्या माणसाला तो ऐकू जायचा असेल, तर कोणीतरी लिहून ठेवावे लागते, आणि माझ्या कामाविषयी माझ्याइतके खरे दुसरा कोण लिहिणार?”

दिवाकरभाऊंची रोपवाटिका छोटी आहे. शेंदुरजना घाटाच्या मोठ्या रोपवाटिकांसमोर तिला कोणी विचारू नये, इतकी छोटी. तरी २०१३ पासून ते ब्लॉग लिहीत आहेत आणि त्यातला पहिला लेख माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात बसून टाइप झाला होता, याचा मला अभिमान वाटतो. विषय होता संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळतो त्या डिंक्या रोगाचा. झाडाच्या बुंध्याला बोर्डो मलम लावायचे, त्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, हे कोणीही सांगेल. दिवाकरभाऊंनी त्यापुढे लिहिले की मी मोरचूद लोखंडी बादलीत भिजवले, मलम बिघडले आणि आठवडाभराची मजुरी पाण्यात गेली. मोरचुदातले तांबे लोखंडावर चढते, म्हणून बादली प्लास्टिकची घ्यावी. तयार मिश्रणात घासलेला विळा बुडवून पाहावा आणि पात्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवावा. खाली बादलीचा फोटो होता, बुडाशी लालसर पुटे चढलेली, आणि त्याखाली तारीख.

रोशनने तो फोटो तेव्हा पाहिला असता तर ‘फिल्टर लावा’ म्हणाला असता. पण त्याच बादलीने दिवाकरभाऊंना गिऱ्हाईक आणून दिले आहे. जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेले संत्र्याचे कलम खरे की खोटे, हे झाड फळावर आल्याशिवाय कळत नाही, म्हणजे चार-पाच वर्षे गेलीच. एवढ्या उधारीच्या धंद्यात माणूस नाव पाहून येत नाही, पत पाहून येतो. जो आपली चूक तारखेनिशी मांडतो, तो कलमाच्या बाबतीत खोटे बोलणार नाही, असे काटोलच्या एका शेतकऱ्याला वाटले. तो आठ वर्षांनी ‘डिंक्या’ असे शोधत त्या लेखापर्यंत पोहोचला आणि तीनशे कलमे घेऊन गेला.

“पण आता वाचतो कोण?” रोशनने विचारले. “लोक पाहतात. मला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास मिळाले की यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू. नाहीतर नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज.”

“मिळव ना,” दिवाकरभाऊ म्हणाले. “पण दाखवणार काय? मागच्या रीलमध्ये तू बागेत नाचलास, आणि मागे जे झाड दिसत होते त्याच्या पानांवर कोळशीची काळी बुरशी चढली होती. लोकांनी तुझा नाच पाहिला, मी झाड पाहिले.”

सगळे हसले आणि रोशनने तिपाई जरा बाजूला सरकवली. व्हिडिओला दिवाकरभाऊंचा विरोध नाही, हे मी येथे मुद्दाम नोंदवतो, कारण त्यांना जुन्या वळणाचे ठरवणे फार सोपे आहे. त्यांचे म्हणणे असे की व्हिडिओ जरूर करावा, पण त्यातली गोष्ट मराठीत, देवनागरीत, गावातल्या शब्दांनी आपल्या ब्लॉगवरही लिहून ठेवावी, कारण शेतकरी बोलून शोधतो तेव्हा ‘कोळशी’ म्हणतो, शास्त्रीय नाव घेत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. टिकटॉक २९ जून २०२० रोजी एका आदेशाने गेले आणि त्याबरोबर रोशनचे पहिले खातेही गेले. “मक्त्याच्या वावरात माणूस भुईमूग पेरतो, संत्रा लावत नाही,” दिवाकरभाऊ म्हणाले. ज्या ‘ब्लॉगर’ संकेतस्थळावर ते लिहितात, तेही शेवटी गूगलचेच आहे, हे ते जाणतात. म्हणून दर अमावस्येला ते सगळ्या लेखांची प्रत उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवतात आणि एक छापील प्रत माझ्या दुकानातून नेतात.

येथे गुरुजींना जुने दुखणे आठवले. रोशनच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर न विचारता त्यांचा फोटो ‘मार्गदर्शक’ म्हणून छापला गेला होता, आणि तोही त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा, काळ्या चष्म्यातला. “पंधरा दिवस मी बसथांब्यावर गुंडासारखा टांगलेला होतो. तीच का तुझी पत?” रोशनने कान पकडले. मग पहिल्यांदाच दिवा बंद करून त्याने विचारले, “भाऊ, मी काय लिहू? मला काय येते?”

“मागच्या वर्षी फळगळ झाली तेव्हा रोज गळालेली फळे मोजून वहीत लिहीत होतास ना? ती वही कुठे आहे?”

“घरी आहे.”

“तिथून सुरू कर. एका झाडाचे आकडे टाक, खाली तारीख टाक. आणि खाते स्वतःच्या चालू नंबरावर उघड, दुहेरी पडताळणी लाव.”

“फोटो मात्र चांगला लावतो,” रोशन लगेच म्हणाला. “आधी डीपी बदलतो.”

“तुझी डीपी महिन्यातून चारदा बदलते,” गुरुजी म्हणाले, “आपल्या वावरातली जळालेली विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बदलायला तीन आठवडे लागले होते. तेवढी विद्या शिबिरात शिकवली असती, तर मीही फी भरली असती.”

हसण्याच्या गलक्यात पानठेल्याचा बल्ब एकदा मंद झाला आणि ओढ्यापलीकडे कोणाचा तरी पंप सुरू झाल्याचा आवाज आला. लाईन आली होती. सगळे टॉर्च घेऊन उठले. रोशन तिपाई काखेत मारून दिवाकरभाऊंच्या मागे धावत विचारत होता, “भाऊ, ती वही पावसात भिजली आहे, चालेल का?”

“भिजलेल्या पानांचाच फोटो आधी टाक,” अंधारातून उत्तर आले.