मतपत्रिकेवर नाव येण्याआधीची निवडणूक

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा असताना मी सहज बोलून गेलो की सध्या दर शनिवारी सकाळी मी इथे अमेरिकेत एका तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन मोठ्या पक्षांबाहेरच्या, उमेदवारासाठी सह्या गोळा करतो. तेव्हा पुढे उभ्या असलेल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी श्रीखंडाची वाटी हातात धरूनच निकाल दिला, "म्हणजे मते खाणाऱ्याला मदत करताय तुम्ही." तिथे मी हसून विषय सोडला, पण हेच वाक्य नंतर आणखी तिघांकडून ऐकले, म्हणून आता सविस्तर लिहितो. (भारतातल्या मित्रांसाठी खुलासा: उमेदवार काँग्रेससाठी उभा आहे, पण इथे काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, संसद, त्यातही 435 सदस्यांचे कनिष्ठ सभागृह, म्हणजे साधारण आपली लोकसभा.)

मी जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेकडील उपनगरात राहतो. इथे रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी मतदारांची प्राथमिक निवडणूक, जिंकली की उमेदवाराचे नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आपोआप येते. तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला मात्र त्यासाठी आपल्या मतदारसंघातील नोंदणीकृत मतदारांपैकी 5 टक्क्यांच्या सह्या 180 दिवसांत आणून द्याव्या लागतात. शुल्क वेगळे, आणि ते सर्वांनाच आहे: खासदाराच्या वार्षिक वेतनाच्या 3 टक्के, म्हणजे 1,74,000 डॉलरवर 5,220 डॉलर. पैशांचे एक वेळ जमेल. पण एका मतदारसंघापुरता सह्यांचा आकडा 20,000 च्या वर जातो, आणि 5 टक्क्यांची ही अट 1943 साली आली तेव्हापासून तिसऱ्या पक्षाच्या एकाही उमेदवाराला ती पूर्ण करून कनिष्ठ सभागृहाच्या मतपत्रिकेवर नाव आणता आलेले नाही. शेजारच्या टेनेसी राज्यात अपक्षाला याच सभागृहासाठी 25 सह्या पुरतात. पंचवीस हजार नव्हे, पंचवीस. तिथे त्यामुळे लोकशाही कोसळल्याचे ऐकिवात नाही.

20,000 सह्या म्हणजे काय, हे कागदावर कळत नाही. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही तिघे एका वाचनालयाबाहेरच्या पदपथावर घडीचे टेबल मांडून दोन तास उभे होतो. थंडीने पेन चालेना, म्हणून ती आळीपाळीने खिशात ठेवून गरम करत होतो. प्रत्येक काउंटीच्या (म्हणजे साधारण जिल्ह्याच्या) मतदारांसाठी वेगळा कागद लागतो, कारण एकाच कागदावर दोन काउंट्यांच्या सह्या चालत नाहीत, त्यामुळे माणूस थांबला की पहिला प्रश्न उमेदवाराविषयी नसतो, "तुम्ही कोणत्या काउंटीत राहता?" हा असतो. दुसरा प्रश्न त्याहून अवघड, की तुमचा मतदारसंघ कोणता. सीमा 2021 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये बदलल्या गेल्यामुळे अनेकांना स्वतःचा मतदारसंघ ठाऊकच नसतो, आणि मग आम्ही फोनवर त्यांचा पत्ता टाकून शोधत बसतो, तोवर त्यांची मुले हात ओढून आत पळू लागतात. दोन तासांत 19 सह्या झाल्या. घरी येऊन तपासल्यावर त्यांतल्या 5 पलीकडच्या मतदारसंघातील निघाल्या. प्रत्येक कागदावर सह्या घेणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र असते आणि ते नोटरीसमोर करावे लागते, तेव्हा 14 वैध सह्यांसाठी नोटरीकडची फेरीही आलीच. रोज शंभराहून अधिक वैध सह्या, तेही सहा महिने, हे त्या दिवशीच आमच्या आवाक्याबाहेरचे असल्याचे तिघांनाही कळले होते, पण कोणी बोलले नाही.

उमेदवाराला थोडाफार तरी लोकाधार असल्याचे आधी दिसावे, असे या अटीचे समर्थन केले जाते आणि सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली जॉर्जियाचा हा 5 टक्क्यांचा नियम याच विचाराने वैध ठरवला. लिबर्टेरियन या तिसऱ्या पक्षाने पुन्हा दावा लावला, तेव्हा 2021 मध्ये अटलांटाच्या संघराज्य न्यायालयाने नियम घटनाबाह्य ठरवला, पण पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. लोकाधार हवा, हे मलाही मान्य आहे. भारतात लोकसभेसाठी अपक्षाला 10 सूचक आणि 25,000 रुपये अनामत लागते. एक षष्ठांश मते पडली नाहीत तर अनामत जप्त होते. म्हणजे तिथे लोकाधाराची परीक्षा मतदानाच्या दिवशी होते. 2024 मध्ये सांगलीत विशाल पाटील अपक्ष म्हणून निवडून आले, ते मतदारांनी ठरवले. जॉर्जियात ते ठरवण्याची वेळच येऊ दिली जात नाही.

आता "मते खाण्या"कडे येतो. सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो अशी पद्धत जिथे आहे, तिथे या आक्षेपात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. पण जॉर्जियात निम्म्याहून अधिक मते मिळाल्याशिवाय कोणी निवडून येत नाही. तशी न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा मतदान, म्हणजे रनऑफ होतो. 2022 मध्ये सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीत लिबर्टेरियन पक्षाचे चेस ऑलिव्हर यांना सुमारे 2 टक्के मते मिळाली, डेमोक्रॅटिक पक्षाचे वॉर्नॉक आणि रिपब्लिकन पक्षाचे वॉकर या दोघांपैकी कोणीही 50 टक्क्यांपर्यंत पोहोचले नाही, आणि 6 डिसेंबरला रनऑफ होऊन वॉर्नॉक जिंकले. ऑलिव्हर यांना मत देणाऱ्यांना दुसऱ्यांदा आपली पसंती सांगण्याची पूर्ण संधी मिळाली. मग खाल्ले कोणी आणि काय? ज्या राज्यात मते फुटण्याची भीती सर्वांत कमी असायला हवी, तिथेच दार सर्वांत घट्ट लावलेले आहे.

याच उदाहरणात दुसरी एक गंमत आहे. राज्यव्यापी पदासाठी आधीच्या निवडणुकीत किमान मते मिळवलेली असल्यामुळे लिबर्टेरियन पक्षाला सिनेट किंवा राज्यपालपदासाठी एकही सही आणावी लागत नाही. म्हणजे संपूर्ण राज्यातून लढण्याइतका त्याचा लोकाधार मान्य, पण राज्यातल्या 14 मतदारसंघांपैकी एकातून काँग्रेससाठी लढायचे म्हटले की तोच पक्ष अनोळखी ठरतो. आणि 2016 मध्ये जॉर्जियाच्या नवव्या, दहाव्या आणि चौदाव्या मतदारसंघांत मतपत्रिकेवर एकच नाव होते, हेही सांगायला हवे. तिथे कोणी कोणाची मते खाणार होते?

स्नेह्यांचा दुसरा सल्ला असा होता की मोठ्या पक्षात शिरा आणि प्रायमरी लढवा, श्री ठाणेदारांकडे पाहा. तो मी हसण्यावारी नेत नाही. बेळगावात वाढलेला मराठी माणूस 2018 मध्ये मिशिगनच्या राज्यपालपदाच्या प्रायमरीत तिसरा आला, 2020 मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेला आणि 2022 मध्ये गर्दीच्या प्रायमरीत सुमारे 28 टक्के मतांवर उमेदवारी मिळवून डेट्रॉइटमधून काँग्रेसमध्ये पोहोचला, याचा आनंद मलाही आहे. पण त्यांनी स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर त्यात घातले, आणि तेवढा खिसा नसलेल्यालाही नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर जागा असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

तक्रार मात्र तिसऱ्या पक्षांबद्दलही आहे. दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार देऊन दोनेक टक्के मतांचा आनंद साजरा करायचा आणि गावच्या निवडणुकीकडे ढुंकूनही पाहायचे नाही, ही त्यांची जुनी खोड आहे. आज सिनेटर असलेले बर्नी सँडर्स सत्तरच्या दशकात व्हर्माँट राज्यात एका छोट्या पक्षातर्फे राज्यव्यापी निवडणुका लढून पुन्हा पुन्हा हरले. त्यांचे नशीब उघडले ते 1981 मध्ये, बर्लिंग्टनच्या महापौरपदाला अपक्ष उभे राहून 10 मतांनी जिंकल्यावर. आठ वर्षे त्यांनी शहर चालवून दाखवले, 1988 मध्ये काँग्रेससाठी दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि 1990 मध्ये जिंकले. मतदारांनी त्यांना आधी रस्त्यावरचा बर्फ उपसताना पाहिले होते, वॉशिंग्टनला नंतर पाठवले.

आमच्या उमेदवाराच्या सह्या अर्थातच पुऱ्या झाल्या नाहीत. मुदतीच्या तीन आठवडे आधी त्याने आम्हाला घरी बोलावून, पिझ्झा खाऊ घालून ते सांगितले. कोरे कागद अजून माझ्या गाडीच्या डिकीत आहेत. आता तो नगर परिषदेसाठी उभा राहतो आहे. तिथे मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते, शुल्क भरले की अर्ज दाखल होतो आणि सहीचा एकही कागद लागत नाही. त्याच्या नावाचा फलक माझ्या अंगणात लागला आहे, आणि शेजाऱ्यांपैकी दोघांनी स्वतःहून मागून नेला.