‘नोंदणी आहे म्हणजे सगळं तपासलेलंच असतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ऑस्ट्रेलियातल्या खासगी प्रशिक्षण संस्थांवरच्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘सरकारने नोंदणी दिली म्हणजे सगळं तपासलेलंच असतं. घरबसल्या पालकांना घाबरवणं सोपं आहे.’ शिवाय या संस्थांत प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटांबद्दल मी एकांगी लिहितो, हेही.

‘घरबसल्या’ कशासाठी? अशा संस्थांचे नोंदणीचे अर्ज तयार करणं हाच माझा व्यवसाय. त्यात काय बघितलं जातं आणि काय सुटतं, हे मला कुणी शिकवायला नको. मुद्दा खोडायचा तर खोडा, टोमणे कशाला? लेखाचं शीर्षक भडक होतं, एवढं मान्य.

आता ते ‘सगळं’. नियामक संस्था आस्क्वा (स्थापना २०११) अर्ज आला की चालकांची पार्श्वभूमी, आर्थिक बळ, शिक्षकांची पात्रता, जागा, साहित्य, मूल्यमापनाचे नमुने बघते. हे सारं वर्ग भरण्याआधीचं. घोळ होतो तो नंतर : एकाचीच उत्तरं दहा जणांच्या फायलीत, न झालेल्या प्रात्यक्षिकांच्या तासांवर सह्या. २०२४च्या अखेरीपासून आस्क्वाने काही संस्थांनी दिलेली हजारो प्रमाणपत्रं रद्द केली. ती दिली गेली तेव्हा त्या संस्था नोंदणीकृतच होत्या! नूतनीकरण तर ७ वर्षांपर्यंत लांबू शकतं. २०२४मध्येच कायदा कडक झाला : नव्या संस्थेला पहिली २ वर्षं अभ्यासक्रम वाढवता येत नाहीत आणि १२ महिने काहीच शिकवलं नाही तर नोंदणी आपोआप जाते. सगळं आधीच तपासलेलं असतं तर ही कलमं कशाला घालावी लागली?

म्हणून लेखात लिहिलं होतं ते पुन्हा सांगतो, कारण आपण तिथवर वाचलेलं दिसत नाही. ट्रेनिंग डॉट गव्ह डॉट एयू या नोंदणीकृत संस्थांच्या सरकारी संकेतस्थळावर संस्थेचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. ‘स्कोप’, म्हणजे संस्थेला शिकवायची परवानगी असलेल्या अभ्यासक्रमांची यादी, उघडून अभ्यासक्रमाचा कोड अक्षरन्‌अक्षर जुळवा. वृद्धांच्या काळजीच्या कामाचा सीएचसी३३०१५ हा कोड जुना, सीएचसी३३०२१ त्याच्या जागी आलेला. शेवटचे दोन आकडे आवृत्तीचं वर्ष सांगतात. मग क्रायकॉस ही परदेशी विद्यार्थ्यांसाठीची वेगळी नोंदवही. तिथे अभ्यासक्रम आणि शिकवण्याची जागा, दोन्ही हवीत. संस्था नोंदणीकृत असून क्रायकॉसवर नसेल, तर स्टुडंट व्हिसावर आलेल्याला तिचा उपयोग शून्य.

एजंटांची बाजू आपण इतकी का लावून धरता, ते आपलं आपल्याला ठाऊक. अभ्यासक्रम २५ आठवड्यांहून मोठा असेल तर तो सुरू होण्याआधी संस्था निम्म्याहून जास्त शिकवणी फी मागू शकत नाही. विद्यार्थ्याने स्वखुशीने भरली तरच. ती ‘स्वखुशी’ कुणाच्या ऑफिसात लिहून घेतली जाते, यावर मी वाद घालत बसणार नाही.

आपण ज्या कॉलेजचं कौतुक केलंत, त्याचा क्रायकॉस कोड प्रतिक्रियेत नव्हता. तो द्या, मग पुढचं बोलू.