आमच्या घरातलं दुसरं क्रेडिट कार्ड

क्रेडिट कार्ड काढायचं म्हणतो, असं मी घरी बोललो तेव्हा बाबांनी मान वर न करता सांगितलं, "हाये ना आपल्या घरी. पेटीत ठेवलं हाये. दुसरं कायले पाह्यजे?"

पेटीतलं कार्ड म्हणजे किसान क्रेडिट कार्ड. ही योजना १९९८ साली आली. सात टक्क्यांनी पीककर्ज, वेळेवर फेडलं तर त्यातले तीन टक्के केंद्र सरकार सोडतं आणि उरलेलं ओझं आमच्याकडे राज्य सरकार उचलतं, पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना वगैरेंतून. तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. बाबांना हे सगळं तोंडपाठ आहे, फक्त 'वेळेवर फेडलं तर' एवढा तुकडा ते जरा हळू म्हणतात. त्यामुळे माझ्या कार्डाबद्दल त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता:

"याच्यात कर्जमाफी बसते का?"

२००८, २०१७ आणि २०१९ ही वर्षं त्यांना आम्हा भावंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्की लक्षात आहेत. मी म्हटलं, नाही बसत. ते म्हणाले, "मंग हे कोनासाठी काढलं हाये?"

माझ्यासाठी काढलं होतं, असा माझा समज होता. मी अमरावतीला बीएस्सी करतो, खोली घेऊन राहतो. मला लॅपटॉप पाहिजे होता. तूर विकून बाबांनी त्यासाठी चाळीस हजार रुपये बाजूला ठेवलेलेही होते. पण ऑनलाइन सेलची गंमत अशी, की सूट दहा टक्के आणि ती फक्त क्रेडिट कार्डवाल्यांना. रोख पैसे घेऊन उभा असलेला माणूस तिथे शेवटच्या रांगेत. रूम पार्टनर म्हणाला, "अबे, कार्ड काढ ना. फुकट भेटते." मग आम्ही कार्ड निवडायला बसलो.

निवडायला म्हणजे काय, यूट्यूबवर 'मित्रांनो' म्हणणारी माणसं बघायला. त्यांच्या मते कार्ड घेताना सर्वांत आधी विमानतळावरचं लाउंज बघावं. वर्षाला इतक्या वेळा फुकट बसा, खा. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. विमानतळ म्हणजे नागपूर, नाहीतर एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळचं बेलोरा. फुकटचं जेवण जेवायचं तर आधी विमानाचं तिकीट काढावं लागतं, हे रूम पार्टनरला माहीत नव्हतं. पंगतीला बसायला आधी बस्ता फाडा, अशातली ही गत. मग आम्ही रेल्वे लाउंजवालं कार्ड पाहिलं. दारव्ह्याची रेल्वे म्हणजे शकुंतला. ती बंद पडली, रुळांत झुडपं वाढली, स्टेशनात बकऱ्या बसतात. त्यांना कार्ड मागत नाहीत.

एका कार्डावर गोल्फ फुकट होता. ते कार्ड मी बाबांना दाखवलं, फक्त चेहरा पाहायला. चार मैल वावर असतं, त्यात हिरवं गवत ठेवतात आणि काठीनं चेंडू मारत फिरतात, असं समजावलं. बाबा बराच वेळ फोटो बघत राहिले. "यवढ्या जागेत पेरत काही नाहीत?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

पेट्रोलचं कार्ड आम्हाला पटलं होतं, कारण गाडी आमच्याकडे आहे. त्यात पंपावर लागणारा एक टक्का अधिभार परत मिळतो. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की एका वेळी निदान चारशेचं पेट्रोल भरलं पाहिजे. आमच्या गावात शंभराचं भरतात. दोनशेचं भरणाऱ्याला पंपावरचा पोरगा विचारतो, "काऊन भाऊ, कुठं लग्नाले चालले का?"

एवढी निवड करून झाल्यावर अर्ज भरायला घेतला आणि निवड कोण कुणाची करतंय ते कळलं. व्यवसायाच्या रकान्यात दोनच पर्याय, नोकरी किंवा धंदा. विद्यार्थी नाही, शेतकरी तर नाहीच. पत्त्यात फ्लॅट क्रमांक पाहिजे होता, आम्ही मुक्काम पोस्टवाले. सोसायटीचं नाव विचारलं तेव्हा शेजारी बसलेल्या बाबांनी गावच्या सेवा सहकारी सोसायटीचं नाव सांगितलं, वर सभासद क्रमांकही. जे अर्ज इथपर्यंत टिकले ते पिनकोडला मेले. 'आपल्या पिनकोडवर ही सेवा उपलब्ध नाही.' याच पिनकोडवर त्याच बँकेचे फोन रोज येतात. फोनला पिनकोड लागत नसावा.

शेवटी एका अर्जाला पूर्ण उत्तर आलं: नामंजूर, कारण सिबिल. हा कर्जफेडीचा स्कोअर ३०० ते ९०० असतो आणि साडेसातशेच्या वर असला की बँकेतले लोक बसायला खुर्ची देतात, इतपत आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे. पीककर्जाला सिबिल मागू नका म्हणून सरकार बँकांना बजावतं, बँका हो म्हणतात आणि मागतात, त्यामुळे पारावर पावसाच्या खालोखाल सिबिलचीच चर्चा. माझा स्कोअर उणे एक होता.

उणे एक म्हणजे वाईट नव्हे, म्हणजे इतिहासच नाही. ज्यानं कधी कर्ज घेतलं नाही, त्याचा भरवसा काय? मी हे किराणावाल्या काकाजींना सांगितलं तर ते चष्म्यावरून बघत राहिले. त्यांच्या वहीत माझा इतिहास मी रांगत होतो तेव्हापासूनचा आहे. बाबांनी पाठवलेल्या पैशांतून मी गोळ्या-बिस्किटं उडवली तो दिवससुद्धा त्यांनी लिहून ठेवला आहे. "उने एक?" ते म्हणाले, "बह्याड झाले का ते बँकवाले? तुह्या आबाजीनं कापूस बुडाला त्या साली बी माहे पैसे देले." पण आबाजींनी दिलेले पैसे मुंबईच्या संगणकात चढलेले नाहीत, त्याला काकाजी तरी काय करणार.

तालुक्याच्या बँकेतल्या साहेबांनी तोडगा सांगितला: एफडीवरचं कार्ड. बँकेत मुदत ठेव ठेवायची, बँक तिच्यावर कार्ड देते. पगाराची चिठ्ठी नको, स्कोअर नको, अठरा वर्षं पुरी झालेली असली की झालं. विद्यार्थ्यांसाठी म्हणून जी कार्डं मिळतात त्यांतली बरीच याच जातीची. आमच्या बँकेत ठेवीच्या नव्वद टक्के मर्यादा मिळणार होती.

"म्हंजे पैसे आपले," बाबा म्हणाले.

"हो."

"ते बँकेत ठेवाचे."

"हो."

"अन् बँक तेच आपल्याले उधार देईन. त्यातले बी दहा टक्के कापून."

साहेब म्हणाले, ठेवीवर व्याज मिळतं ना. फक्त कार्ड आहे तोवर ठेव मोडता येणार नाही, तिच्यावर बँकेचा हक्क राहील. हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "बोजा!" ते म्हणाले. "असं म्हना ना मंग. सात-बाऱ्यावर असते तसा बोजा." त्यांना व्यवहार कळला होता. आमच्या घराण्यात कुठल्याही कागदावर बोजा चढल्याशिवाय तो खरा वाटत नाही.

आता घरची परवानगी, म्हणजे माय. माय बचत गटाची हिशेबनीस आहे. त्यांच्या गटात शेकडा दोन रुपये महिना व्याज, मंगळवारी बैठक आणि उशिरा येणारीला दहा रुपये दंड. तिनं मला समोर बसवलं, वही उघडली आणि कर्ज मागायला आलेल्या बाईला विचारतात त्या क्रमानं प्रश्न विचारले. कशासाठी पाहिजे? किती? फेडणार कशातून? शेकडा किती?

शेवटच्या प्रश्नाला मी चाचरलो. बिल आल्यावर ठरलेल्या तारखेच्या आत सगळं भरलं तर व्याज काही नाही, खरेदी कधी केली त्यावर वीसपासून पन्नास दिवस फुकट मिळतात. आणि नाही भरलं तर? नाही भरलं तर महिन्याला शेकडा साडेतीनच्या आसपास. वर त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी.

"साडेतीन," माय म्हणाली. मग आतल्या खोलीकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "आजी, साडेतीन म्हनते." आजी सवाई-दिडीच्या, म्हणजे घेतलं त्याच्या सव्वापट-दीडपट फेडायच्या काळातली. ती आतूनच म्हणाली, "लिहून घेते का तोंडी?"

मी मायला 'किमान देय रक्कम' सांगितली. समजा दहा हजारांचं बिल आहे, तर पाच टक्के, म्हणजे पाचशे रुपये भरूनही भागतं, कुणी ओरडत नाही. मायनं पेन्सिल घेतली. दहा हजारांचं साडेतीननं साडेतीनशे. त्यावर जीएसटी त्रेसष्ट. चारशे तेरा व्याजात गेले. "म्हंजे पाचशे देऊन मुद्दल घटलं सत्त्याऐंशी रुपयानं," ती म्हणाली. "ह्या हिशेबानं तुह्या लेकाचं लगन होईन, तरी लॅपटॉप फिटनार नाही." मग कोर्ट काही बोलत नाही का, असं तिनं विचारलं. बोललं होतं. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगानं सांगितलं होतं, की कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं अन्यायाचं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला. माय काही बोलली नाही. वहीत तिनं काहीतरी लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

बाबांची हरकत वेगळी होती. "पन्नास दिवसांत पऱ्हाटीले कशीबशी पाती धरते. पैसा कुठून येईन?" ही खरी अडचण आहे. पेटीतलं कार्ड हंगाम बघून चालतं, हे पहिल्या तारखेच्या पगारावर बेतलेलं. बँकेला वाटतं सगळ्यांच्या घरी महिन्याला पीक निघतं. शेवटी ठरलं, की लॅपटॉप दिवाळीच्या सेलमध्ये घ्यायचा आणि सोयाबीन विकलं की त्याच दिवशी बिल भरायचं. सोयाबीनचा पैसा मायच्या हातातून जाणार, माझ्या नव्हे.

व्हिडिओ केवायसी स्लॅबवर झाली, कारण रेंज तिथेच येते. समोर एक हिंदी बोलणारी बाई. मूळ पॅन कार्ड दाखवा, पांढऱ्या कागदावर सही करा, लोकेशन चालू ठेवा. तेवढ्यात ती थांबली. "सर, आपके पीछे कौन है?"

मागे आजी होती. मिरच्या वाळत घालत होती.

"सर, कमरे में आप अकेले होने चाहिए."

"मॅडम, हा कमरा नाही, स्लॅब आहे."

मग तिनं मला डावीकडे बघायला लावलं, उजवीकडे बघायला लावलं, डोळे मिचकवायला लावले. आजी मिरच्या सोडून जवळ येऊन बसली. "पोरगी पाह्याले गेलं तरी असं कोनी मुंडकं फिरवाले लावत नाही," ती म्हणाली. "घरचं बरं दिसते का तिचं?" कॉल कटला. दुसऱ्या वेळी आजीला खाली बसवून ठेवलं, तर शेजारच्या स्लॅबवरून काका ओरडले, "काऊन रे, कोनासंग बोलून राह्यला?" बाईंनी विचारलं, सर, कोणी मदत करतंय का तुम्हाला? मी म्हटलं, मॅडम, या गावात ती कोणी करत नाही असं होतच नाही.

कार्ड पोस्टमननं आणलं, म्हणजे माझ्या आधी गावाला कळलं. सोबतचं माहितीपत्रक बाबांनी चष्मा लावून माझ्याकडून वाचून घेतलं. त्यातला एक नियम त्यांना फार आवडला. रिझर्व्ह बँकेचं २०२२ चं फर्मान आहे: काही देणं बाकी नसताना ग्राहकानं कार्ड बंद करायला सांगितलं आणि बँकेनं सात कामाच्या दिवसांत ते केलं नाही, तर पुढे बँकेनं ग्राहकाला रोजचे पाचशे रुपये दंड द्यायचा.

"रोज?"

"रोज."

बाबांनी बोटांवर हिशेब केला. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. "म्हंजे बँकेनं सोळा-सतरा दिवस आळस केला, का एक क्विंटल कापूस घरी. ना पेरनं, ना फवारनं, ना येचनं." त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "आजच बंद कराले लाव."

लॅपटॉपचं सांगतो. किंमत अडतीस हजार. दहा टक्के म्हणजे अडतीसशे सुटायला हवे होते, पण बारीक अक्षरात 'कमाल सूट १,५०० रुपये' होतं. राहिले साडेछत्तीस हजार. चाळीस हजारांच्या ठेवीवर कार्डाची मर्यादा छत्तीस हजार. पाचशे रुपये कमी. त्यावरही उपाय निघाला: कार्डात आगाऊ पाचशे भरून ठेवायचे. म्हणजे उधारी घेण्याआधी बँकेला चाळीस हजार आणि वरून पाचशे आम्हीच दिले. बाबा म्हणाले, "आपून तिचे सावकार झालो." सोयाबीन विकल्यावर माय स्वतः सोबत आली, बिल भरलं याचा मेसेज माझ्या फोनवर तिनं पाहिला आणि मगच वडापाव खाल्ला.

कार्ड रुपे असल्यानं यूपीआयला जोडता येतं, २०२२ पासून ती सोय आहे. काकाजींच्या दुकानात स्कॅन करून पाहिलं. चाललं नाही. त्यांचा क्यूआर त्यांच्या पोराच्या साध्या खात्याचा आहे आणि क्रेडिट कार्डाला दुकानदाराचाच क्यूआर लागतो. काकाजींनी साखर बांधून दिली आणि वही ओढली.

सहाएक महिन्यांनी उण्याचा अधिक झाला. स्कोअर साडेसातशेच्या जवळ. त्यानंतर फोन वाढले. मला पिनकोडवरून परत पाठवणाऱ्या बँकेचा पोरगा परवा गोड आवाजात म्हणाला, "सर, तुमच्यासाठी लाइफटाइम फ्री कार्ड मंजूर झालंय." मी चूल फुंकत बसलेल्या मायच्या कानाला फोन लावला. तिनं पोराचं ऐकून घेतलं, गाव विचारलं, जेवण झालं का विचारलं, मग म्हणाली, "ते सगळं ठीक हाये बाप्पा, पन शेकडा किती?"

ती थोडा वेळ फोन कानाला धरून बसली.

"ठेवला त्यानं," ती म्हणाली. "मंगळवारी मीटिंगले ये म्हननार होती."