आधी पट्ट्या, मग लेदर

मावसभावाची जुनी एमजीबी, म्हणजे दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मुंबईहून रत्नागिरीला आल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो. सीटना टॅन लेदर घाल, वर डायमंड शिलाई मार, काय दिसेल गाडी! माझा याला ठाम विरोध आहे.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनली. सुरुवातीच्या गाड्यांत सीटखाली स्प्रिंगा नसायच्या. लोखंडी फ्रेमवर ताणलेल्या रबरी पट्ट्या, त्यावर फोम, त्यावर कव्हर. पुढे पट्ट्या जाऊन एकच रबरी पडदा आला. पट्ट्या सैल पडल्या की माणूस खाली जातो, आणि या गाडीत मुळात बूड रस्त्याला टेकायचंच बाकी असतं. भाऊ स्टिअरिंगच्या वरून नाही, मधून रस्ता बघायचा.

बाजारातल्या कुशनवाल्या चाचांनी कव्हर उसवलं, तर फोमची पिवळी पूड त्यांच्या मांडीभर सांडली. फ्रेमला बोट लावलं की गंजाचा पापुद्रा हातात. चाचा म्हणाले, “वरचं राहू द्या हो, आधी हे बघा.”

तर पैसे तिथे घाला. फ्रेम घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग), नव्या पट्ट्या, ४० डेन्सिटीचा फोम आणि नायलॉनचा दोरा. सुती दोरा आमच्या हवेत कुजतो. एवढं करून पैसे उरले तर लेदर. तेही फक्त बसायच्या भागाला, बाजूंना रेक्झिन. यात कंजुषी काही नाही, त्या काळी लेदरच्या सीटना कंपनीच असं करायची. ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वर खारा वारा, अशा गावात आषाढात लेदरवर बुरशी धरतेच. त्यात ही उघडणाऱ्या कापडी टपाची गाडी. शिवण जितकी जास्त, तितकी पाणी आत मुरायला भोकं जास्त. कव्हरवरच्या मूळच्या उभ्या शिवणी आणि कडेचं पायपिंग, म्हणजे गोट, पुरे आहे.

दुसरं, कव्हर सरकवून चढवायला फोमवर प्लास्टिकचा कागद घालतात, तो काम झाल्यावर आठवणीने ओढून काढायला सांगा. आत राहिला तर ओल बसते. (शोरूमचं प्लास्टिक वर्षानुवर्षं न काढणाऱ्यांबद्दल मी इथे बोलत नाही.)

जुनं कव्हर कितीही फाटलेलं असलं तरी टाकू नका. चाचांनी त्याच्या शिवणी उसवून प्रत्येक तुकडा फर्मा म्हणून वापरला.

आणि काम शिमग्यानंतर काढा. रेक्झिन उन्हात मऊ झालं की ताणताना हाताला येतं. मिरग लागल्यावर सीट घेऊन गेलात तर चाचा दसऱ्यानंतर या म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.